स्प्रेच्या डब्यातले ग्रह आणि लोणारचा खड्डा

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये एक प्रकार हमखास असतो. रस्त्याच्या कडेला बसलेला चित्रकार चकचकीत कागदावर स्प्रेच्या डब्यांतून चार-पाच रंग मारतो, ओल्या रंगावर वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद दाबून उचलतो, त्यावर पातेल्याचं झाकण पालथं घालतो आणि सभोवती निळा-काळा रंग फवारतो. झाकण बाजूला केलं की खाली अख्खा ग्रह तयार! दहा-पंधरा मिनिटांत ग्रह, चंद्र, तारे, तेजोमेघ आणि खाली डोंगरांची रांग असं सगळं उभं राहतं. बघणारं पोरगं 'भारी' म्हणतं आणि शेजारी बसलेला मोठा माणूस विचारतो, 'पण याचा उपयोग काय?' प्रश्न रास्त आहे. बुलडाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावात, जिथे घरचं गणित सोयाबीन आणि कापसाच्या भावावर चालतं, तिथे तर तो अधिकच रास्त आहे. स्प्रेनं अवकाश रंगवणं, ताऱ्यांचे नकाशे जमवणं, दुर्बिणीसाठी आरसे घासणं, विज्ञानकथा लिहिणं या सगळ्या छांदिष्ट उद्योगांना आपल्याकडे सरसकट 'नसते उद्योग' म्हणतात. माझं म्हणणं असं की या छंदांची किंमत एकाच गोष्टीवर ठरते. करणारा दुसऱ्याचा व्हिडिओ बघून थांबतो, की मान वर करून स्वतःचं आकाश आणि खाली वाकून स्वतःची जमीन बघायला लागतो? आणि बघायचंच ठरवलं, तर बुलडाणा जिल्ह्याइतकी सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

आधी या कलेचं कूळ पाहू. दाबाखाली भरलेला रंगाचा डबा हा काही चित्रकारांसाठी जन्माला आलेला नाही. १९४९ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या एडवर्ड सेमूर या रंगविक्रेत्यानं घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरांना ॲल्युमिनियमचा रंग देण्यासाठी तो तयार केला, आणि ती कल्पना त्याच्या बायकोची होती. पुढे गाड्यांचे ओरखडे झाकायला, फर्निचरला रंगाचा हात द्यायला हा डबा जगभर गेला. आपल्याकडेही त्याचं घर म्हणजे हार्डवेअरचं दुकान आणि डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. गणपतीच्या दिवसांत मखराला सोनेरी झाक द्यायला तेवढा तो घरात येतो. या डब्यातून अवकाश रंगवण्याची रीत १९८० च्या दशकात मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर रुळली आणि तिथून ती शहराशहरांच्या पर्यटनस्थळी पोचली. ना कलाशाळा, ना गॅलरी, ना ब्रश. घरातली झाकणं, वाट्या, रद्दी आणि सुरी एवढ्यावर भागतं. कारागिराच्या आणि मेकॅनिकच्या हातात आधीपासून असलेल्या वस्तूतून निघालेली ही कला आहे, त्यामुळे गावाला ती परकी वाटायचं कारण नाही.

हिच्यात जादू वाटते तिथे खरं तर पदार्थविज्ञान आहे. झाकणाखालचा ग्रह कसा होतो ते बारकाईनं बघा. आधी पिवळा, पांढरा, तांबडा असे उजळ रंग ठिपक्या-ठिपक्यांनी मारतात, त्यावर लगेच काळा किंवा गडद निळा. खालचा थर अर्धवट वाळलेला, वरचा अजून ओला. आता चुरगळलेला कागद टेकवून सरळ वर उचलायचा. कागदाच्या घड्या जिथे टेकतात तिथला वरचा रंग उचलला जातो आणि खालचा उजळ रंग डोकावतो. जिथे टेकत नाहीत तिथे काळा तसाच राहतो. कागद वर येताना हवा कडेनं आत घुसते, आणि दाट द्रवात पातळ हवा शिरली की ती सरळ रेषेत शिरत नाही, फाटे फोडत जाते. १९५८ मध्ये सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी या वर्तनाचं गणित मांडलं. म्हणून त्या ग्रहावर नद्यांच्या खोऱ्यांसारख्या फांद्याफांद्यांच्या रेषा उमटतात, आणि डोळ्याला त्या भूगोलासारख्या दिसतात. मासिकाचा गुळगुळीत कागद वापरला तर नक्षी वेगळी, वर्तमानपत्राचा खरबरीत वापरला तर वेगळी. डबा जवळ धरला तर रंग ओघळतो, लांब धरला तर थेंब वाटेतच निम्मे सुकतात आणि पृष्ठभाग मऊ धुक्यासारखा होतो. म्हणजे चित्र काढणारा नकळत द्रवाचा दाटपणा, बाष्पीभवन आणि पृष्ठताण यांचे प्रयोग करत असतो. फक्त वही ठेवत नाही. वही ठेवली, एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर ती प्रयोगशाळाच झाली.

इथे कलेचे जाणकार हरकत घेतील, आणि त्यांचं बरंचसं खरं आहे. ही चार युक्त्यांची करामत आहे, सगळ्यांची चित्रं सारखीच दिसतात, झाकण उचलण्याच्या नाट्यावरच सगळा भर असतो, असं ते म्हणतील. एका दुपारी शिकता येणारी गोष्ट एका दुपारी संपतेही. पण हा दोष तंत्राचा कमी आणि बघण्याचा जास्त. व्हिडिओवरून व्हिडिओ उतरवला की आधीच्याच्या चुकाही उतरतात. या चित्रांतली सर्रास दिसणारी चूक घ्या: ग्रहाची एक बाजू उजळ, दुसरी अंधारात, आणि त्या अंधाऱ्या भागावर पांढऱ्या ताऱ्यांचे शिंतोडे. ग्रह काही काचेचा नसतो. त्याचा अंधारातला भागही मागचे तारे झाकतोच. दुसरी चूक प्रकाशाची. मोठ्या ग्रहावर उजेड डावीकडून आणि शेजारच्या चंद्रावर उजवीकडून, जणू दोन सूर्य आहेत. तिसरी चूक सगळ्यात बोलकी आहे. चंद्रावरचे खड्डे दाखवताना बहुतेक जण गोल काढून प्रकाशाच्या बाजूला उजळ आणि पलीकडे काळा रंग देतात, आणि तो खड्डा न दिसता फोडासारखा वर आलेला दिसतो. चेंडूवर डावीकडून उजेड पडला तर डावी बाजू उजळते. खड्ड्याचं उलट असतं. त्याची डावी भिंत उजेडाकडे पाठ करून उभी असते म्हणून ती काळी, आणि समोरची उजवी भिंत उजेड झेलते. हा फरक पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही, डोळ्यांनी बघावा लागतो.

आणि तो बघायला अमडापूरच्या माणसाला चंद्रावर जायची गरज नाही. त्याच जिल्ह्यात, मेहकरच्या पुढे, लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळपास गोल, दीडशे मीटरच्या आसपास खोल असा हा खड्डा उल्कापातानं काळ्या बेसाल्ट खडकात पडलेला आहे. बेसाल्टमधले असे ठळक, टिकून राहिलेले खड्डे पृथ्वीवर फार मोजके आहेत, आणि चंद्राची काळपट मैदानंही बेसाल्टचीच असल्यामुळे लोणारचे खडक जगभरचे शास्त्रज्ञ चंद्रावरच्या खडकांशी ताडून बघतात. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. त्याही आधी लवणासुर राक्षसाच्या कथेनं आणि काठावरच्या देवळांनी हे ठिकाण लोकांच्या मनात पक्कं बसवलेलं होतं. तो ज्वालामुखीचा की उल्केचा हा वाद बराच काळ चालला. आघातानं काचेत रूपांतर झालेली खनिजं हाती आली आणि १९७० च्या दशकात वाद मिटला. वयाचा वाद मात्र पुढेही चालू राहिला: एका पद्धतीनं ५२,००० वर्षं, तर नंतरच्या आर्गॉन पद्धतीनं सुमारे ५,७०,००० वर्षं. सकाळी लवकर काठावर उभं राहिलं तर पूर्वेची आतली भिंत सावलीत आणि पश्चिमेची उन्हात दिसते. संध्याकाळी बरोबर उलटं. वर आलेला काठ, बाहेरच्या बाजूचा सावकाश उतार आणि आतला तीव्र उतार हे एकदा डोळ्यात भरलं की पुढच्या चित्रातला खड्डा फोडासारखा दिसणार नाही. जगातल्या कुठल्याही अवकाशचित्रकारानं हेवा करावा असा नमुना जिल्ह्यात असताना आपण परदेशी व्हिडिओतले खड्डे उतरवत बसतो, हे नुकसान आपलं आहे.

आकाशाचंही तेच. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नक्षत्रांची नावं पाठ असतात: रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. पेरणीचा सगळा हिशेब त्यांवर. पण 'मृग लागला' म्हणजे सूर्य मृगात आला, आणि सूर्य तिथे असल्यामुळे नेमकं त्याच दिवसांत मृग नक्षत्र रात्री दिसत नाही. ते बघायचं तर हिवाळ्याच्या संध्याकाळी, पूर्वेकडून वर चढताना. नाव तोंडात आणि तारे डोळ्यांआड, अशी आपली अवस्था आहे. स्प्रेनं तारे उडवणाऱ्यानं एकदा थंडीत शेतात उभं राहून मृग बघावा. चौकोनाच्या एका कोपऱ्यातला काक्षी तांबूस आहे, समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. जवळची रोहिणी नारिंगी, खाली व्याध झगझगीत पांढरा. रंगाचा हा फरक तापमानाचा आहे: काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० केल्व्हिन, राजन्यचा सुमारे १२,०००. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं, तोच नियम इथे. हे ज्यानं पाहिलं तो सगळे तारे एकाच पांढऱ्या डब्यातून उडवणार नाही. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली साध्या द्विनेत्रीतून एक पुसट ढग दिसतो. तो मृगातला तेजोमेघ, अंतर साधारण १,३०० प्रकाशवर्षं. तिथे नवे तारे जन्माला येत आहेत. आणि तो राखाडी दिसतो, फोटोसारखा गुलाबी दिसत नाही, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. म्हणजे हा गुलाबी रंग कॅमेऱ्यानं दाखवलेला, आपल्या डोळ्यांना न मिळालेला. इथून पुढचा प्रश्न आपोआप पडतो: मग खरा रंग कोणता?

या प्रश्नातच दुसरी मोठी हरकत दडलेली आहे. विज्ञानाचे शिक्षक म्हणतील की अशी रंगीबेरंगी चित्रं मुलांच्या डोक्यात खोटं अवकाश भरतात. हरकत गंभीर आहे, पण अवकाशचित्रांचा इतिहास तिला चांगलं उत्तर देतो. चेस्ली बोनेस्टेल या अमेरिकन चित्रकारानं १९४४ मध्ये 'लाइफ' मासिकात टायटन आणि शनीच्या इतर उपग्रहांवरून शनी कसा दिसेल याची चित्रं दिली. त्या काळातलं सगळं ज्ञान वापरून, मोजमाप करून काढलेली ती चित्रं पाहून पुढच्या पिढीतले कितीतरी जण अवकाशशास्त्राकडे वळले. पण त्याचं टायटनचं स्वच्छ निळं आभाळ चुकीचं निघालं. जानेवारी २००५ मध्ये ह्युजेन्स यान उतरलं तेव्हा तिथे दाट नारिंगी धुकं निघालं. त्याचे चंद्रावरचे डोंगर सुळक्यांसारखे टोकदार होते, कारण वारा-पाऊस नाही तर झीज नाही असा तेव्हाचा समज. अपोलोच्या अंतराळवीरांना गोलाईचे डोंगर दिसले. अब्जावधी वर्षं बारीक उल्कांचा मारा बसून ते झिजलेले आहेत. त्याच्या चुकांमुळे विज्ञानाचं काही बिघडलं नाही. उलट, काय अपेक्षित होतं आणि काय निघालं हे त्या चित्रांमुळेच नेमकं सांगता येतं. हबल दुर्बिणीनं १९९५ मध्ये टिपलेलं गरुड तेजोमेघातल्या खांबांचं प्रसिद्ध छायाचित्रही डोळ्याला दिसणारे रंग दाखवत नाही. गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांना वेगवेगळे रंग ठरवून देऊन ते जुळवलेलं आहे. रंग ठरवणं हा लबाडीचा भाग नव्हे, फक्त कोणता रंग का दिला हे सांगता आलं पाहिजे. आणि कधी कधी निसर्गच चित्रकारावर कडी करतो. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. कुणी चित्रात तसं रंगवलं असतं तर हसले असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचं कारण निघालं खाऱ्या पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. म्हणून मुलाला 'हे खोटं आहे' म्हणून गप्प करण्यापेक्षा 'हा रंग कशामुळे?' असं विचारणं शिक्षकाच्या जास्त कामाचं.

तिसरी हरकत घराघरातली: यानं अभ्यास बुडतो. छंद आणि अभ्यास यांची भांडणं आपण लावून दिलेली आहेत, ती मुळात नाहीत. जयंत नारळीकर हे जागतिक कीर्तीचे खगोलशास्त्रज्ञ. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि ती पहिली आली. संशोधन बाजूला ठेवून ते कथेकडे गेले नाहीत. संशोधनातलीच कल्पना त्यांनी कथेत खेळवली. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांच्या बळावर चालते. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास उभं राहिलं. हौशी माणसं विज्ञानात खरी भरही घालतात. हेल-बॉप धूमकेतूच्या दोन शोधकांपैकी थॉमस बॉप हा बांधकाम साहित्याच्या कारखान्यात नोकरी करणारा, आणि १९९५ च्या त्या रात्री मित्राच्या दुर्बिणीतून बघणारा. २००७ मध्ये इंटरनेटवर दीर्घिकांची वर्गवारी करताना हॅनी फान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला एक विचित्र निळा ढग दिसला. व्यावसायिकांच्या नजरेतून सुटलेली ती वस्तू आज तिच्या नावानं ओळखली जाते. अर्थात प्रत्येक छांदिष्ट काही शोध लावणार नाही, आणि तसं आमिष दाखवणं अप्रामाणिक ठरेल. पण बघण्याच्या सवयीचा रोजच्या जगण्यात उपयोग होतो. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ-खानदेशच्या आकाशातून जळते तुकडे रांगेनं गेले आणि मोबाइलवर उल्का, क्षेपणास्त्र, विमान असे नाना तर्क पसरले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावी धातूचं मोठं कडं पडलं. उल्का क्षणात विझते. हे तुकडे सावकाश, आडवे, एकाच वाटेनं जात होते. म्हणजे हे कक्षेतून खाली येणारं माणसाचंच काहीतरी, हे आकाश बघणाऱ्याला तिथेच उमगण्यासारखं होतं. चिनी रॉकेटचे अवशेष हाच निष्कर्ष पुढे निघाला.

खर्च आणि तब्येत या हरकती मात्र टाळून चालणार नाही. स्प्रेचा डबा दीड-दोनशे रुपयांपासून पुढे मिळतो, आणि एका चित्राला पाच-सहा रंग लागतात. शिवाय डब्यात रंग ढकलणारा वायू आता बहुतेक वेळा प्रोपेन-ब्यूटेन असतो. ओझोनला घातक म्हणून जुने वायू १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हटले, पण त्यांच्या जागी आलेला हा वायू आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. त्यामुळे जवळ चूल, बिडी, काडी काहीही नको, आणि रिकामा डबा आगीत टाकायचा नाही. काही व्हिडिओंत चित्र पेटवून झळाळी आणतात, ते तर मुळीच करू नये. रंगातल्या द्रावकांची वाफ डोक्यात आणि फुफ्फुसात जाते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क धुरळा अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या फिल्टरचा मास्क लागतो, आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करूनच करायचं. लहान मुलांच्या हातात हा डबा नकोच. त्यांच्यासाठी शाळेतलीच जुनी रीत आहे: दात घासायचा ब्रश पाण्याच्या रंगात बुडवून कंगव्यावर घासायचा. झाकणं, वाट्या, चुरगळलेला कागद तेच, शिंतोडेही तसेच, वाफ नाही आणि खर्च जवळपास नाही. त्याहूनही स्वस्त छंद सावलीचा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे अमडापुरात वर्षातून दोनदा, मे आणि जुलैच्या उत्तरार्धात, भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणून मे बरा. एक सरळ काठी, सपाट जमीन आणि दुपारी अर्धा तास दर मिनिटाला खूण करायची चिकाटी, एवढ्यात पृथ्वीचा कललेला आस समजतो.

शेवटची हरकत सगळ्यात खोलवरची: ज्याला फुरसत आहे त्यानंच हे करावं. गावात छंद मान्य होतो तो गुण मिळवून देत असेल तेव्हाच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा पोरं देतात, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. याला दोष देता येत नाही. परीक्षा हीच गावाबाहेर पडायची वाट असेल तर घर तिलाच धरून राहणार. पण मग हेही मान्य करावं लागेल की परीक्षा आधी ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं तपासते. खड्डा फोडासारखा का दिसतो, जूनमध्ये मृग का दिसत नाही, तेजोमेघ डोळ्याला राखाडी आणि फोटोत गुलाबी का, हे प्रश्न कुठल्याही गाइडमध्ये नसतात. ते हातानं काहीतरी करताना आणि करून फसताना पडतात. शाळेला यासाठी वेगळा तास नको. लोणारची सहल बहुतेक शाळा काढतातच. तिथे काठावर अर्धा तास थांबून सावलीचं रेखाटन करून घ्यावं, परत आल्यावर चित्रकलेच्या तासाला तोच खड्डा ब्रश-कंगव्यानं रंगवावा, आणि भूगोलाच्या शिक्षकांनी त्यातल्या चुका शोधाव्यात. हिवाळ्यात एक रात्र गावाबाहेरच्या शेतात आकाश बघायला ठेवावी. हे करून एखाद्या मुलाचं चित्र सुंदर झालं तर छानच, नाही झालं तरी हरकत नाही. क्रम तेवढा सांभाळावा: आधी बघणं, मग रंगवणं, मग चुकलेलं पुन्हा जाऊन बघणं. या क्रमानं चाललेला छंद रिकामटेकडा राहत नाही. आणि उलट्या क्रमानं, व्हिडिओवरून व्हिडिओ उतरवत चालला असेल, तर 'उपयोग काय' असं विचारणाऱ्या मोठ्या माणसाचं म्हणणं बरोबर आहे असंच मीही म्हणेन.